'अचानक' या शब्दाचा आश्रय

रस्त्यावर मनुष्य मेला म्हणजे प्रेताचा पंचनामा होण्यापूर्वीच एक शब्द साक्षीस येऊन उभा राहतो. तो शब्द म्हणजे 'अचानक'. बैलगाडी अचानक आडवी आली, म्हातारा अचानक रस्त्यात उतरला, पोर अचानक धावले, उसाची ट्रॉली अचानक दिसली. मोटार हाकणाऱ्याचा जबाब, त्याच्या सोबत्यांची साक्ष आणि दुसऱ्या दिवशीचे वृत्त या तिन्ही ठिकाणी हा शब्द इतक्या सराईतपणे वावरतो की, तो मृत मनुष्यावर केलेला आरोप आहे ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येत नाही. ज्यास उत्तर देता येत नाही त्याच्यावरच आरोप करण्याची ही रीत सोयीची खरी. ती न्यायाची आहे काय, हा आजचा आमचा प्रश्न आहे.

सोनईच्या रस्त्यांवर तर हा शब्द मुळीच शोभत नाही. नेवासा तालुक्यातील हे बाजाराचे व शाळा-महाविद्यालयांचे गाव. मुळा सहकारी साखर कारखाना येथलाच. गळिताचा हंगाम लागला की ऊसतोडणीची कुटुंबे येऊन उतरतात, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत टायरगाड्यांची व दोन दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग कारखान्याकडे सरकू लागते. शिर्डीचे दर्शन आटोपून शनिशिंगणापुराकडे निघालेला यात्रेकरू राहुरीवरून उंबरे, ब्राह्मणी करीत याच गावातून पुढे जातो. शनिवारी ही वर्दळ वाढते, आणि शनिवारी अमावास्या आली म्हणजे तिला पारावार राहत नाही. घोडेगावच्या कांदा बाजाराकडे जाणारे टेम्पो वेगळेच. यांपैकी कोणती गोष्ट नवी आहे? कोणती गुप्त आहे? जी बैलगाडी चार-पाच महिने नित्य त्याच रस्त्याने, माणसाच्या पायचालीने, डोंगराएवढा ऊस लादून जात आहे, ती एखाद्या रात्री एखाद्या मोटारवाल्यापुढे 'अचानक' कशी काय उगवते? बैलास धावता येत नाही आणि उसाच्या गाडीस लपता येत नाही. अचानक जर कोणी आले असेल तर ते दुसरेच कोणी, हे उघड आहे.

आम्ही हे केवळ करुणेने लिहितो असे कोणास वाटेल, म्हणून कायदा काय म्हणतो ते सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८४ वे कलम धोकादायक रीतीने गाडी हाकण्यासंबंधी आहे. त्यात वेगाचा आकडा दिलेला नाही. सर्व परिस्थिती ध्यानात घेता जनतेस धोका होईल अशा वेगाने वा अशा रीतीने गाडी हाकणे हा अपराध, असे ते कलम सांगते. आणि ही परिस्थिती म्हणजे काय, हेही त्यातच दिले आहे. जागेचे स्वरूप कसे, तिची अवस्था कशी, तिचा उपयोग कशासाठी होतो, त्या वेळी तेथे प्रत्यक्ष रहदारी किती होती, आणि याखेरीज तेथे किती रहदारी असेल अशी वाजवी अपेक्षा करता आली असती. हे शेवटचे शब्द वाचकांनी पुन्हा एकवार वाचावेत अशी आमची विनंती आहे. मोटार हाकणाऱ्यास जे दिसत होते तेवढ्याचाच हिशेब कायदा मागत नाही. वळणापलीकडे जे असू शकले असते, शाळा सुटण्याच्या वेळी दारातून जे बाहेर पडू शकले असते, हंगामात अंधारातून जे पुढे निघू शकले असते, त्याचाही हिशेब तो मागतो. अपेक्षा करता येण्याजोगी गोष्ट समोर आली असता 'ती अचानक आली' म्हणणे म्हणजे आपण अपेक्षा केलीच नव्हती अशी कबुली देणे होय, आणि त्या कलमाखाली ही कबुली बचावाच्या कामी येत नाही.

हा विचार कोणा आधुनिक सुधारकाच्या डोक्यातून काल निघालेला नाही. विलायतेत मोटारी अद्याप श्रीमंतांचे कौतुक होत्या तेव्हा, १९०३ साली, तेथल्या पार्लमेंटाने जवळजवळ याच शब्दांत तो कायद्यात घातला. तेथून तो १९१४ च्या हिंदुस्थानच्या मोटार कायद्यात आला, १९३९ च्या कायद्याच्या ११६ व्या कलमात टिकला, आणि १९८८ च्या कायद्यात १८४ वे कलम होऊन बसला. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे हे बंधन आपल्या रस्त्यांवर लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दंडाची रक्कम वाढविली, आणि हाकता हाकता हातातील टेलिफोनशी खेळणाऱ्यासही या कलमाच्या कक्षेत ओढले. पहिल्या गुन्ह्यास ६ महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मनुष्य मेला तर भारतीय न्याय संहितेचे १०६ वे कलम लागते, आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. रस्त्याचे नियमही याच दिशेने जातात. १९८९ च्या नियमांनी चौक, फाटा, वळण व पादचाऱ्यांची जागा जवळ येताच वेग कमी करावा, आणि कोणास धोका होणार नाही अशी खात्री पटेपर्यंत तेथे शिरू नये असे बजावले होते. २०१७ पासून त्यांच्या जागी नवी नियमावली आली, तीतही वाहन आपल्या ताब्यात ठेवण्याचे ओझे हाकणाऱ्याच्याच शिरावर आहे. १९६८ साली व्हिएन्ना येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात तर स्पष्टच म्हटले आहे की, प्रत्येक चालकाने सर्व परिस्थितीत वाहन अशा ताब्यात ठेवावे की, जी हालचाल करणे भाग पडेल ती त्यास करता यावी.

येथे सुशिक्षित मोटारवाला एक कागद पुढे करतो. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे साध्या रस्त्यावर लहान मोटारीस ताशी ७० किलोमीटरची मुभा आहे. मी ६५ ने जात होतो. माझा अपराध काय? या गृहस्थांची समजूत अशी दिसते की, ७० हा आकडा सरकारने त्यांस बक्षीस दिला आहे. तो आकडा म्हणजे कमाल मर्यादा. मोकळा रस्ता, कोरडी जमीन, लख्ख उजेड असता ज्याच्यावर जाऊ नये अशी रेघ. रेघेच्या आतले सर्व निर्दोष, असे कायदा कोठेही म्हणत नाही.

हिशेब करून पाहू. ताशी ७० किलोमीटर म्हणजे सेकंदास १९ मीटरांहून अधिक. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध मनुष्यासही सुमारे दीड सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी २९ मीटर पुढे गेलेली असते. नंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ती थांबावयास आणखी सत्तावीस-अठ्ठावीस मीटर. एकूण ५६ मीटरांच्या घरात. आता रात्र धरा. समोरून वाहन येत आहे म्हणून दिवा खाली केला तर त्याचा उपयोगी उजेड साधारण ४० मीटर पडतो. त्या उजेडाच्या टोकाशी उसाच्या गाडीची मागची बाजू दिसली, असे समजा. हाकणारा शुद्धीवर आहे, ब्रेक उत्तम आहेत, त्याने ते जोराने दाबलेही. तरी तो गाडीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी ५० च्या वरच असतो. तोच मनुष्य ताशी ४० ने येत असता तर सुमारे २६ मीटरांत थांबला असता, आणि गाडीवाल्याच्या बैलांनी कानही हलविले नसते. यात दैवाचा, शनीचा वा साडेसातीचा काडीमात्र संबंध नाही. हा शाळेतल्या गणिताचा भाग आहे. जितका उजेड तितकाच वेग, एवढे ज्याने पाळले नाही तो डोळे बांधून हाकत होता असेच म्हटले पाहिजे. टपावर लिंबू-मिरची बांधल्याने दिव्याचा उजेड वाढत नाही, हे आमच्या भाविक बंधूंनी रागावू नये, पण ध्यानात घ्यावे. स्वतःची पीडा टळावी म्हणून निघालेल्या मनुष्याने वाटेवरच्या झोपडीत ती सोडून जाणे त्या देवतेसही रुचेल असे आम्हांस वाटत नाही.

'मी हॉर्न वाजविला होता' हा दुसरा बचाव, आणि तो पहिल्याहूनही चमत्कारिक आहे. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आवारात एक बाई मोटारीखाली सापडून मेली. ब्रिटनमध्ये मोटारीच्या धक्क्याने पायी चालणारे मनुष्य मेल्याची ती पहिली घटना समजली जाते. हाकणाऱ्याने घंटा वाजविली होती, तो ओरडलाही होता. पंचांनी तो अपघाती मृत्यू ठरविला, आणि असे पुन्हा घडू नये अशी इच्छा मृत्युचौकशीच्या अधिकाऱ्याने दर्शविली. त्या इच्छेचे पुढे काय झाले ते आपण पाहतच आहोत: केंद्र सरकारच्याच आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली, त्यांत महाराष्ट्रातील १५,२२४, आणि देशातील शंभरांतील सुमारे ७१ मृत्यू अतिवेगाच्या सदरात मांडलेले. हॉर्न ही इशारत आहे. ती दिली म्हणजे रस्ता आपल्या मालकीचा झाला, आणि जो बाजूस झाला नाही त्याचे रक्त त्याच्याच माथी, ही समजूत कोठून आली कोण जाणे. बहिऱ्या म्हातारीस, पाच वर्षांच्या मुलास आणि बुजलेल्या बैलास हॉर्नचा अर्थ विचारण्याची सोय नाही. त्यांच्यासाठी ब्रेक आहे.

बैलाचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट सांगतो. ती गाडीवानांस ठाऊक नाही, आणि मोटारवाल्यांस तर त्याहून नाही. याच कायद्याचे १३२ वे कलम वाहन थांबविण्याच्या कर्तव्याविषयी आहे. गणवेशातील पोलिस अधिकाऱ्याने अपघातप्रसंगी थांबविले तर थांबावे, हे तर त्यात आहेच; पण त्याच्या जोडीने असेही आहे की, जनावर ज्याच्या ताब्यात आहे अशा मनुष्यास ते बिथरले आहे किंवा मोटारीने बिथरेल अशी धास्ती वाटली आणि त्याने थांबावयास सांगितले, तर मोटार हाकणाऱ्याने आपली गाडी थांबवून जरूर तेवढा वेळ उभी ठेविली पाहिजे. अंगावर धडका सदरा नसलेला ऊसतोड्या हात वर करून लाखो रुपयांची मोटार थांबवू शकतो, आणि या एका बाबतीत कायद्याने त्यास फौजदाराच्या पंक्तीस बसविले आहे! आजचा अनुभव मात्र उलट आहे. त्याने हात केला तर त्यास शिवी मिळते, आणि शिवीनंतर कर्कश हॉर्न मिळतो. सोनईच्या शाळांतून नागरिकशास्त्र शिकविले जाते. त्यात हे एक कलम मुलांकडून वाचून घ्यावे, म्हणजे मोठेपणी मोटार हाकताना एखाद्यास तरी ते आठवेल.

गाडीवाल्यांचा काहीच दोष नसतो असे आमचे म्हणणे नाही. मागे लाल दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही, ट्रॉलीच्या फळ्यांबाहेर ऊस हातभर लोंबतो, पंक्चर झालेला ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यातच उभा, आणि त्याच्यामागे खूण म्हणून चार दगड, जे सकाळी ट्रॅक्टर गेल्यावरही तेथेच राहतात. हे सर्व निंद्य आहे आणि दंडास पात्र आहे. मात्र एकाच्या कसुरीने दुसऱ्याचे कर्तव्य संपत नाही. हंगामात बिनदिव्याच्या गाड्या असतात हे ज्यास ठाऊक आहे, त्याने तर अधिकच जपून हाकले पाहिजे, कारण त्याच्या बाबतीत ती गोष्ट अपेक्षेतील झाली. मोटारवाल्यावरही अन्याय होऊ नये, याची काळजी न्यायालयांनी घेतली आहे. गाडी 'जोरात' होती एवढ्या एका शब्दावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, जोरात हा सापेक्ष शब्द आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कर्नाटकातील एका खटल्यात म्हटले. हा निकाल आम्हांस योग्यच वाटतो. चुकीचे होते ते पोलिसांचे काम. 'जोरात' कशाच्या मानाने, हे सांगणारा पुरावाच जर कागदावर आला नाही तर न्यायाधीशाने तो कोठून आणावा?

आता दोन शब्द आमच्या व्यापारी वाचकांशी, कारण स्टिअरिंग धरणारा हात एक असला तरी त्यास घाई लावणारे हात अनेक असतात. वेगमर्यादेसंबंधीचे १८३ वे कलम केवळ हाकणाऱ्याचे नाही. नोकराकडून वा ताब्यातील मनुष्याकडून मर्यादेबाहेर गाडी हाकविणारा धनीही त्यात सापडतो. शिवाय त्यात असे स्पष्ट आहे की, अमुक वेळेत प्रवास पुरा करा असा हुकूम दिला किंवा वेळापत्रक छापले, आणि मर्यादा मोडल्यावाचून ते साधणे शक्य नव्हते असे न्यायालयास वाटले, तर तो हुकूमच हुकूम देणाराच्या अपराधाचा प्रथमदर्शनी पुरावा समजावा. लिलाव सुरू होण्याच्या आत माल पोहोचलाच पाहिजे म्हणून टेम्पोवाल्यास टेलिफोनवर दम भरणारे शेटजी, रात्रीत किती खेपा यावर ट्रॅक्टरवाल्याची मजुरी ठरविणारे कंत्राटदार, आणि शिर्डी-शिंगणापूर करून सायंकाळच्या आत परत या असे सांगून जीप भाड्याने लावणारे मालक यांनी हे कलम एकदा वकिलाकडून समजून घ्यावे. विमा कंपनी पाहून घेईल, ही जी निश्चिंती आहे तीही पुरती खरी नव्हे. कोणाचा दोष हे सिद्ध न करताही मृताच्या वारसांस पाच लाख आणि जबर जखमीस अडीच लाख रुपये मिळावेत अशी १६४ व्या कलमाची तरतूद आहे, आणि ती चांगली आहे. परंतु तिने दिवाणी भरपाईची सोय होते, फौजदारी जबाबदारी फिटत नाही. विमा तुरुंगात जात नाही.

हाकणाऱ्यास शिकविणे हेही धन्याचेच काम. ९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत कुर्ला येथे बेस्टच्या सेवेतील विजेवर चालणारी बस गर्दीत शिरली आणि किमान सात माणसे प्राणास मुकली. त्यात चालकाचा दोष किती हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. पण या जातीची बस हाकण्याचे शिक्षण त्यास किती दिवस मिळाले होते, हा प्रश्न तेव्हा लगेच उठला, आणि त्याचे उत्तर चालकाने द्यावयाचे नव्हते. आपल्याकडे काल मोटारसायकल हाकणाऱ्या पोरास आज दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरावर बसवितात. तो उतारावर थांबवावयाचा कसा, हे तो रस्त्यावर, म्हणजे लोकांच्या जिवावर शिकतो.

आणखी एक उपद्रव आमच्याच बाजारपेठेने पोसला आहे. शिंगणापूरच्या वाटेवर 'लटकू' या नावाने ओळखली जाणारी मंडळी यात्रेकरूंच्या मोटारींमागे मोटारसायकली घालतात, आडवी गाडी लावून त्यांस थांबवितात, आणि ठरावीक दुकानाकडे नेतात. पोलिसांनी त्यांच्यावर वेळोवेळी कारवाई केली, ती मंडळी वेळोवेळी परत आली. परगावचा घाबरलेला मनुष्य त्यांस चुकविण्यासाठी वेग वाढवितो, आणि पुढे शाळेची मुले असतात. त्या मोटारसायकलीच्या पेट्रोलचा खर्च कोणत्या गल्ल्यातून होतो हे आम्ही सांगावयास नको. रस्त्यावर पुढे सरकलेल्या पालांमुळे आणि ओट्यांमुळे पायी चालणाऱ्यास डांबरावर उतरावे लागते, मग तो 'अचानक' उतरला असे म्हणणारेही पुष्कळदा त्याच ओट्यावर बसलेले असतात.

अपघात झाला की आपल्याकडे एक ठरलेला क्रम आहे. प्रेत रस्त्यावर, रास्ता रोको, तहसीलदारांचे आश्वासन, आणि आठवड्याने एक गतिरोधक. त्यास पांढरे पट्टे नसतात, अलीकडे फलक नसतो, आणि रात्री दुचाकीवरील जोडपे त्यावरून उडते. जो रस्ता बांधतो व राखतो त्यासही १९८ अ कलमाने जबाबदार धरले आहे. ठरलेल्या दर्जाप्रमाणे काम न केल्याने मृत्यू वा अपंगत्व आले तर एक लाख रुपयांपर्यंत दंड. गतिरोधक हवेतच, पण नियमाप्रमाणे बांधलेले.

आमची मुख्य मागणी मात्र पोलिसांकडे आहे, आणि तीस पैसा लागत नाही. पंचनाम्यातून 'अचानक' हा शब्द काढून टाकावा. त्याऐवजी जागा कशी होती ते लिहावे: रस्त्याची रुंदी, वळण किती अंतरावर, सरळ किती लांबवर दिसते, उजेड कोणता, शाळा, देऊळ वा बाजार किती पावलांवर, वार कोणता, हंगाम चालू होता काय, ब्रेकच्या खुणा किती मीटर, आणि मुळीच नसतील तर त्या नाहीत हेही. १८४ व्या कलमास जी 'सर्व परिस्थिती' लागते ती हीच. मोजपट्टी व टेलिफोनवरील छायाचित्र एवढ्यावर हे काम तासाभरात होते, आणि मग 'जोरात' कशाच्या मानाने, या प्रश्नास उत्तर मिळते.

कारखान्याच्या व्यवस्थापनानेही एक करावे. ज्या टायरगाडीस व ट्रॉलीस मागून चकाकणारी पट्टी नाही तीस वजनकाट्यावर घेऊ नये, आणि पट्टी तेथेच फुकट लावून द्यावी. एका पट्टीची किंमत एका खेपेच्या भाड्यापुढे काहीच नाही. राहुरीच्या व घोडेगावच्या बाजूने गावात शिरणाऱ्या रस्त्यांवर हंगामापुरती ताशी ४० किलोमीटरची मर्यादा घालावी. राज्य सरकारास व त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यास तो अधिकार याच कायद्याने दिलेला आहे. ग्रामपंचायतीने तसा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडावा, आणि गव्हाणीत पहिली मोळी पडण्यापूर्वी फलक उभे राहतील एवढ्या लवकर धाडावा.